चेन सॉ लाकडात घातलं की थांबतं, क्लच पुन्हा पुन्हा जळतो: बार आणि लाकडाचं माप जुळवा

दिवाळी झाली की दोन महिने आमच्या दुकानात एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून येते. "हवेत झकास फिरतं हो, लाकडात घातलं की दम सोडतं." कोणी म्हणतं कार्ब्युरेटर गेला, कोणी म्हणतं पेट्रोलमध्ये भेसळ, कोणी मशीनलाच नावं ठेवतं. उघडून बघावं तर आत बहुतेक वेळा तेच: निळा पडलेला क्लचचा ड्रम, तुटलेली स्प्रिंग, करपलेला बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी). भाग बदलून दिला की तीन आठवड्यांनी तेच मशीन, तोच जळका वास, परत बाकावर हजर.

हे लिहितोय ते अशा परत परत येणाऱ्या मशीनसाठी. एकदाच बिघडलेल्या मशीनचं कारण काहीही असू शकतं. पण तोच भाग एका हंगामात दोनदा जळला, तर दोष त्या भागात शोधू नका. बार किती लांब आहे, इंजिन खरोखर किती सीसीचं आहे आणि कापताय ते लाकूड कुठलं व किती जाड, या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा.

इंदूरच्या सियागंजच्या मागच्या गल्लीत आमचं शेतीच्या मशीनचं दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यानंतर एक काका आले. राहायला रामबागेत, शेती तिल्लोरकडे. बांधावरच्या बाभळी, दोन वठलेले आंबे आणि वादळात आडवी झालेली एक जुनी चिंच, एवढं लाकूड कापून काही टालीवर (लाकडाच्या वखारीत) द्यायचं, काही घरी ठेवायचं. मशीन नवं, अंगावर ५८ सीसीचं स्टिकर, पुढं २२ इंची बार. पहिल्यांदा आलं तेव्हा क्लचची स्प्रिंग तुटली होती. बदलली. तीन आठवड्यांनी आलं तेव्हा चेनला तेलच येत नव्हतं आणि बार टोकापर्यंत निळा. ऑइल पंपाचा प्लॅस्टिकचा गिअर वितळला होता. तो बदलला, बारही बदलला, आणि पुन्हा २२ इंचीच घातला, कारण काकांना तोच हवा होता आणि मीही काही विचारलं नाही. संक्रांतीच्या आधी मशीन तिसऱ्यांदा आलं. ड्रम निळा, क्लचचे जोडे झिजून अर्धे. काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, एकदा नीट सांग ना, चुकतंय कुठं?" तोवर मशीनच्या निम्म्या किमतीचे पैसे दुरुस्तीत गेले होते. मी भाग बदलत राहिलो होतो, कारण शोधलंच नव्हतं. त्या रविवारी स्कूटर काढली आणि लाकूड बघायला थेट शेतावर गेलो.

तीन दुरुस्त्या, कारण एक

इंजिनचा वेग वाढला की क्लचचे जोडे स्प्रिंगचा ताण मोडून बाहेर सरकतात आणि ड्रमला आतून धरतात. ड्रम स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, फिरवतो, स्प्रॉकेट चेन ओढतं. आता चेन लाकडात अडकून थांबली आणि माणसानं रेस दाबूनच धरली, तर इंजिन फिरतं, जोडे फिरतात, पण ड्रम जागच्या जागी उभा. सगळी ताकद घासण्यात जाते. थोड्याच सेकंदांत ड्रम असा तापतो की पोलादावर निळी झाक येते. त्या उष्णतेनं स्प्रिंगचा जीव जातो. बऱ्याच मशीनमध्ये ऑइल पंपाचा गिअर ड्रमच्या लगेच मागं बसवलेला असतो, आणि स्वस्तातल्या मशीनमध्ये तो प्लॅस्टिकचा. तो मऊ पडला की तेल बंद. तेल बंद की बार करपतो, चेन ताणून लांबते, दात बोथट होतात. बोथट चेनला कापायला जास्त जोर लागतो, म्हणून ती आणखी लवकर अडकते आणि ड्रम पुन्हा तापतो.

स्प्रिंग, पंप आणि बार ही मी तीन वेगवेगळी बिलं केली होती. शेतावर उभं राहून बघितलं तेव्हा कळलं की ते एकच दुखणं होतं. मजूर २२ इंची बार बाभळीच्या वाळलेल्या बुंध्यात टोकापर्यंत पुरत होता, चेन थांबत होती आणि तो अंगाचा भार टाकून रेस दाबत होता. त्या पोराची काही चूक नाही. हातात मशीन देताना त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

चेन का थांबते हेही बघू. चेनची पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचा निम्मा भाग. आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या मशीनवर बहुतेक .३२५ इंच पिचची चेन असते. साध्या, पूर्ण दातांच्या चेनमध्ये दर चार पिचला एक दात येतो, म्हणजे .३२५च्या चेनला दर १.३ इंचाला एक. दहा इंची ओंडका कापताना एका वेळी सात-आठ दात लाकडात असतात. २२ इंची बार पूर्ण पुरला की सतरा. इंजिन तेच, ताकद तीच, आणि ती ओढणारे दात दुपटीहून जास्त. शिवाय खोल कापात भुसा बाहेर पडायला वाट लांब होते. तो दातांमध्ये दाटतो आणि चेनला आणखी रोखतो. इंजिन मिनिटाला साडेआठ-नऊ हजार फेऱ्यांवर राहिलं तर चेन सेकंदाला सोळा-सतरा मीटर धावते आणि स्वच्छ कापते. फेऱ्या पाच हजारांवर आल्या की दात कापत नाहीत, नुसते घासतात.

दोष मापाचा की दुसरा, हे ओळखायची सोपी परीक्षा

मापाला दोष देण्याआधी एक खात्री करा. चेन नीट धार लावलेली, एअर फिल्टर धुऊन वाळवलेला, ताजं पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइलचं बरोबर मिश्रण. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजानं ओतू नका. मग सहा-आठ इंचांची आंब्याची किंवा सुबाभळीची ओली फांदी घ्या आणि बारचं टोक पलीकडे मोकळं दिसेल अशी कापा.

इथंही इंजिन दम सोडत असेल तर बारची लांबी बाजूला ठेवा. कार्ब्युरेटर, इंधनाची नळी, टाकीतला फिल्टर, सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी आणि चेनची धार, याच क्रमानं बघा. इथं झकास कापतंय, जाड तुकडे उडवतंय आणि फक्त जाड बुंध्यात बार पूर्ण बुडाला की थांबतंय, तर दोष मापाचाच. इंजिनचा आवाज चढलेला पण चेन उभी, असं दिसलं तर क्लच घसरतोय. त्या क्षणी बोट रेसवरून काढा. आवाजच खाली बसत बसत इंजिन बंद पडत असेल तर क्लच अजून धरतोय, पण इंजिनला ओझं झेपत नाही. दोन्हीचं मूळ एक असू शकतं, तरी पहिल्यात नुकसान फार लवकर होतं.

भुशाकडेही बघा. धारदार चेन लाकडाच्या शेंगदाण्याएवढ्या फोडी टाकते, बोथट चेन पिठासारखा बुरादा. पीठ पडत असेल तर बार लहान करूनही उपयोग नाही, आधी कानस मारा.

आणि काप एका बाजूला वाकडा जात असेल, तर तो या दुखण्यातला नाही. डावे-उजवे दात कमीजास्त घासले गेलेत किंवा बारची एक कड खाली बसलीय. लांब बारवर तो वाकडेपणा जास्त दिसतो इतकंच.

घेर आणि व्यास यात घोळ होतो

सगळ्यात साधी चूक इथंच होते. आपल्याकडे टालीवर आणि शेतावर झाड घेरानं मोजतात. दोरी गुंडाळली, हात-वीत मोजलं, झालं. काकांना कोणीतरी सांगितलं होतं, "पाच फुटी चिंच आहे, मोठाच बार घ्या." पाच फूट हा घेर होता. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास मिळतो, आणि बारला सामना करायचा असतो तो व्यासाशी. ६० इंच घेर म्हणजे १९ इंच व्यास. ४८ इंच घेर म्हणजे सव्वापंधरा. ३६ इंच घेर म्हणजे साडेअकरा. बाभळीचा २५ इंच घेराचा बुंधा, जो बघताना भरदार वाटतो, तो जेमतेम आठ इंचांचा असतो.

बारचंही तसंच. बार पूर्ण काढून मोजू नका. मशीनच्या अंगापासून टोकापर्यंत, जेवढा भाग लाकडात जाऊ शकतो तेवढाच मोजायचा. मागचा भाग कव्हरखाली असतो, तो कामाचा नाही.

मग मी काकांना एक काम दिलं. आठवडाभर वहीत लिहा: किती ओंडके कापले, प्रत्येकाचा व्यास किती, जात कोणती. काका शिस्तीचे, निवृत्त शिक्षक; रकाने आखून लिहून आणलं. चाळीसेक ओंडक्यांपैकी चारच पंधरा इंचांच्या वर होते. बाकी सगळे सहा ते अकरा इंचांत. त्या चार ओंडक्यांसाठी काका उरलेल्या छत्तीस ओंडक्यांत २२ इंची बार वागवत होते. बार घ्यायचा तो रोजच्या कामासाठी. वर्षातून एकदा येणाऱ्या झाडाची सोय वेगळी करता येते, ती पुढं सांगतो.

रोजच्या कामाचा हिशेब असा: नेहमी येणाऱ्या ओंडक्याच्या व्यासाहून दोन इंच जास्त. रोज दहा-अकरा इंच कापत असाल तर १४ इंची बार पुरेसा, १६ इंची आरामात. त्याहून लांब बार हे नुसतं वजन आहे, आणि ते पुढच्या टोकाला असतं, मनगटावर येतं. दिवस मावळेपर्यंत कापणाऱ्या माणसाला विचारा.

स्टिकरवरच्या सीसीवर जाऊ नका

बाजारातल्या स्वस्त मशीनवर मोठा आकडा छापलेला असतो. तो खरा की खोटा हे तुम्ही स्वतः काढू शकता, नाहीतर मशीन उघडलं असताना मेकॅनिकला मोजायला सांगा. सिलिंडरचा आतला व्यास आणि पिस्टनचा वर-खालचा प्रवास, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले प्रवास गुणिले ०.७८५. काकांच्या मशीनचा व्यास ४.५ आणि प्रवास ३.२५ निघाला. गुणाकार ५१.७. म्हणजे ५८ सीसी म्हणून घेतलेलं मशीन ५२ सीसीचं होतं. आणि सीसी म्हणजे ताकद नव्हे. चांगल्या बनावटीचं ५० सीसी इंजिन साधारण अडीच किलोवॅट देतं, ढिलं बनवलेलं त्याहून बरंच कमी. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. विरळ हवेमुळं कागदावरच्या ताकदीतले पाच-सहा टक्के इथं आपोआप वजा होतात, आणि मे महिन्यातल्या ४२ अंशांत आणखी थोडे.

खऱ्या सीसीवरून मी असं सुचवतो. ३५ ते ४० सीसीला १४ इंच, फार तर १६. ४५ ते ५५ सीसीला १६ ते १८. २० इंची बार बसतो, पण मऊ आणि ओल्या लाकडासाठीच. ६० ते ६५ सीसीला २० ते २४. २४ इंचांहून मोठ्या बारला ७० सीसीच्या पुढंच जा. त्या वर्गातलं चांगलं मशीन चार किलोवॅटच्या आसपास ताकद देतं. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत यापेक्षा लहान माप लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. तिथं लिहिलेली सगळ्यात मोठी लांबी ही मर्यादा असते, नेहमी वापरायचं माप नव्हे.

घराच्या आवारात, फांद्या छाटायला विजेवरचं मशीन घेणारे बरेच आहेत. २००० वॅटच्या मशीनला २३० व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास लागतात. पातळ वायरीचं पन्नास फुटी एक्स्टेन्शन लावलं की टोकाला व्होल्टेज पडतं आणि मोटर गरम होऊन वास मारते. निदान २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरची पिन वापरा, १६ इंचांच्या पुढचा बार लावू नका.

लाकडाची जात

परदेशी तक्ते वाचून बार ठरवणाऱ्यांची फसगत इथं होते. ते तक्ते बरेचदा पाइन, स्प्रूससारख्या मऊ लाकडांवर बेतलेले असतात. आपल्या माळव्यातलं लाकूड निराळं.

वाळलेली बाभूळ घनमीटरला पावणेआठशे-आठशे किलोच्या घरात जाते, सागवान साडेसहाशेच्या आसपास, सावर चारशेच्याही खाली. चिंच या सगळ्यांहून जड, नऊशेच्या पुढंही जाते. तिच्या मधला काळपट जांभळा गाभा लहान असतो पण दगडासारखा, आणि रेषा एकमेकींत गुंतलेल्या. बाहेरचा फिकट भाग सरसर कापला जातो, म्हणून माणूस जोर लावत राहतो, आणि गाभ्याला चेन लागली की एकदम अडकते. काकांचा क्लच दोनदा तरी याच चिंचेनं खाल्ला असावा.

सागवान तितकं कठीण नाही, पण त्यात सिलिका असते, वाळूचाच प्रकार. चेन अडकत नाही, पण धार लवकर जाते. नीलगिरी ओली असताना लोण्यासारखी कापली जाते आणि वाळली की अंगात ताठरपणा येतो. शिवाय तिच्या खोडात वाढतानाचा ताण कोंडलेला असतो. कापताना टोक आपोआप फाटतं आणि बार चिमटीत सापडतो. आंबा मधला, शहाणा. गुलमोहर मऊ, पावसाआधीच्या वाऱ्यात रस्त्यावर पडणाऱ्या झाडांत तो बरेचदा असतो आणि १४ इंची बारनं सहज आटोपतो.

म्हणून वर दिलेल्या मापातून वाळलेल्या बाभळीला आणि चिंचेला दोन इंच वजा करा. ५२ सीसीवर बाभूळ कापायची तर १६ इंच, बस. जमत असेल तर बाभूळ ओली असतानाच कापून ठेवा. वाळल्यावर फक्त फोडायची राहील.

आणखी एक, आपल्याकडचंच. बांधावरच्या झाडात काटेरी तार रुतलेली असते, गावदरीच्या कडुनिंबात आणि चिंचेत खिळे. साल वर आलेली, गाठ आलेली जागा दिसली की कापायची जागा वीतभर हलवा. पडलेल्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला काळी माती चिकटून वाळलेली असते. ती आधी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं झाडून टाका किंवा साल सोलून काढा. मातीत एकदा टेकलेली चेन पाच मिनिटांत पीठ पाडायला लागते, मग बार कितीही योग्य मापाचा असो.

चेन बदलताना

बार लहान करायचा म्हणजे चेनही नवी घ्यावी लागते. दुकानात तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) संख्या. पिच स्प्रॉकेटशी जुळली पाहिजे. गेज म्हणजे चेनच्या खालच्या दात्याची जाडी. ती बारच्या खाचेत ढिली किंवा घट्ट बसता कामा नये. १.३ मिलिमीटरची चेन १.५च्या खाचेत बसते खरी, पण डुलते आणि काप वाकडा जातो. ड्राइव्ह लिंक मोजून घ्या, "१६ इंची द्या" म्हणून भागत नाही. एकाच लांबीच्या दोन बारना वेगवेगळी संख्या लागू शकते. जुन्या बारवर हे आकडे बहुतेक मागच्या बाजूला ठोकलेले असतात, रॉकेलनं पुसा म्हणजे दिसतील. स्प्रॉकेटच्या दातांवर चेननं खोल खाच पाडली असेल तर तेही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या खाचेत बसून लवकर ताणते.

दातांचा प्रकार निवडायला मिळाला तर गोलसर कोपऱ्याचा, सेमी चिझल घ्या. टोकदार फुल चिझल स्वच्छ, मऊ लाकडात वेगानं जातो, पण बाभूळ-चिंचेत आणि मातीत त्याचं टोक पहिल्याच दिवशी जातं.

.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, लहान मशीनच्या बारीक ३/८ चेनला ४ मिलिमीटरची. कोन ३० अंश, दाताच्या आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. दाताच्या पुढं जो छोटा उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दात किती खोल चावणार हे तो ठरवतो. दाताच्या धारेपासून तो ०.६५ मिलिमीटर खाली हवा. काही जण चेन "जलद" करायची म्हणून चपट्या कानशीनं तो फार खाली घासतात. मग प्रत्येक दात झेपेल त्याहून जास्त लाकूड धरतो, मशीन धक्के मारतं आणि लहान इंजिन जागीच अडतं. काकांच्या दुसऱ्या चेनवर हेच झालं होतं.

या दाताची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याला एका खोडात लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती आडवी-उभी कशीही, डाव्या-उजव्या जबड्यानं आळीपाळीनं लाकूड कापत पुढं जात होती. त्यावरून त्यानं एक दात डावा, एक उजवा अशी चेन बनवली आणि १९४७ मध्ये ती विकायला काढली. आज आपल्या बारवर फिरते ती त्याच जातीची. अळी तिच्या जबड्याला झेपेल तेवढाच घास घेते, हे त्या डेप्थ गेजमध्ये उतरलेलं आहे.

तेल

लांब बारला तेल जास्त लागतं, आणि लहान मशीनचा पंप तेवढं देऊ शकत नाही. १६ इंचांना पुरणारं तेल २२ इंचांच्या टोकापर्यंत जाईपर्यंत उडून गेलेलं असतं. म्हणून बार आधी टोकाजवळ निळा होतो. तपासायला मशीन चालू करून बारचं टोक कोरड्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि निम्मी रेस द्या. काही सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून त्याचं तेलाचं भोक आणि खाच तारेनं साफ करा, भुसा दाटलेला असतो. तरीही नाही, तर पंप. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाचीही टाकी जवळपास संपायला हवी. तेल उरतंय म्हणून खूश होऊ नका.

गाडीचं काढलेलं काळं ऑइल टाकणं बंद करा. त्यात धातूचा चुरा असतो, ते चेनला चिकटून राहत नाही, पंप खातं आणि कापणाऱ्याच्या कपड्यांवर, कातडीवर उडतं. बारचं खास तेल नसेल तर नवं एसएई ३० इंजिन ऑइल चालेल. दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

मग मोठ्या बुंध्याचं काय

काकांच्या मशीनला आम्ही १६ इंची बार, नवं स्प्रॉकेट, नवा क्लच आणि सेमी चिझल चेन लावली. उरलेली बाभूळ आणि दोन्ही आंबे त्यावरच कापून झाले. होळीनंतर मशीन फक्त सर्व्हिसिंगला आलं. ड्रम उघडून बघितला, राखाडी होता.

१६ इंची बारनं १९-२० इंचांचा आडवा पडलेला ओंडका दोन बाजूंनी कापता येतो. आधी ओंडका कुठं टेकलाय बघा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे पोकळी असेल तर वरच्या बाजूला दाब असतो, वरून कापत गेलं की काप मिटतो आणि बार धरला जातो. तिथं वरून एक तृतीयांश, मग उरलेलं खालून. एक टोक हवेत असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. काप मिटतोय असं वाटलं की लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोका. लोखंडी छिणीला चेन लागली तर तुटते. मशीनच्या तोंडाशी असलेला दातेरी कंगवा लाकडात रोवून त्यावर मशीन झुलवा, मनगटानं दाबू नका. चेन धारदार असेल तर ती स्वतःच खाली जाते. इंजिनचा आवाज बसायला लागला की दाब कमी करा. थांबलीच तर रेस सोडा, इंजिन बंद करा आणि बार मागं ओढून काढा.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकू देऊ नका. तिथं चेन लाकडाला लागली की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. बार लांब असेल तर टोक पलीकडे कुठं आहे, कुठल्या फांदीला लागतंय, ते दिसतच नाही. लांब बारची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची. चेन ब्रेक चालतो का हे रोज सकाळी बघा. गमछा, लोंबता सदरा नको; बूट, चष्मा आणि कानाला मफ हवेच. आणि उभं झाड दोन बाजूंनी पाडायचा प्रयोग नवशिक्यानं करू नये, त्यासाठी सरावाचा माणूस बोलवा. शहरातलं झाड असेल तर त्याआधी नगर निगमची परवानगी. मध्य प्रदेशात नागरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा कायदा आहे आणि आपल्याच अंगणातलं झाड असलं तरी तो लागू होतो.

वर्षातून एखादाच बुंधा वीस इंचांच्या वर येत असेल तर ७० सीसीचं मशीन एका दिवसासाठी भाड्यानं आणा, चालवणाऱ्यासकट मिळालं तर उत्तम. किंवा बुंधा तसाच आरा मशीनवर पाठवा. त्याच्या फळ्या निघतील, जळणापेक्षा भाव बरा येतो.

काकांच्या चिंचेच्या फांद्या १६ इंचीनं निघाल्या. मधलं धूड दोन बाजूंनी कापून तीन तुकडे केले, ते टालीवर गेले. मुळाकडचा पाच फूट घेराचा भाग अजून बांधावर आहे. त्यात जुन्या कुंपणाची तार रुतलेली दिसते आणि खालून सगळी काळी माती आहे. त्याला चेन लावायची नाही असं आमचं दोघांचं ठरलंय. काका सध्या दुपारी त्यावर बसून जेवतात.